‘कपाट’ म्हणताना काय काय घडते?

विद्यार्थी मित्रांनो, ‘कपाट’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणा. आता पुन्हा एकदा म्हणा, पण अगदी सावकाश, आणि आपल्या तोंडात काय चालले आहे याकडे नीट लक्ष द्या.

‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जाऊन टाळूच्या मऊ भागाला टेकला आणि लगेच सुटला. ‘प’ म्हणताना ओठ मिटले आणि उघडले. ‘ट’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागले. मधल्या ‘आ’साठी जबडा खाली आला. या सर्व वेळात टाळूच्या मागच्या पडद्याने नाकाची वाट बंद ठेवली होती. ती उघडी राहिली असती तर शब्द गेंगाणा झाला असता. घशातील स्वरतंतू ‘क’ला स्तब्ध होते, ‘अ’ला कंप पावू लागले, ‘प’ला थांबले, ‘आ’ला पुन्हा सुरू झाले आणि ‘ट’ला पुन्हा थांबले. शिवाय फुप्फुसातील हवा बेताबेताने बाहेर सोडण्याचे काम छातीचे व पोटाचे स्नायू करीत होतेच. एवढी सारी कसरत आपण जेमतेम अर्ध्या सेकंदात उरकली आणि तिचा आपल्याला पत्ताही लागला नाही.

बोलण्याच्या कामी लहानमोठे मिळून सुमारे शंभर स्नायू राबतात असे सांगतात. सहज गप्पा मारताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. ही कसरत ज्या मुलांना साधत नाही, त्यांचे काय होत असेल? त्यांना ऐकू येते, समजते, सांगायचेही खूप असते. पण शब्द तोंडाबाहेर नीट पडत नाही. अशा मुलांविषयी आणि त्यांना बोलते करणाऱ्या शास्त्राविषयी आज आपण माहिती घेऊ.

तोंड म्हणजे एक नळी

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बोलणे दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा ध्वनी निर्माण करण्याचा. फुप्फुसातून येणाऱ्या हवेमुळे स्वरतंतू कंप पावतात. प्रौढ पुरुषात ही कंपने सेकंदाला साधारण १२० आणि स्त्रियांत २०० च्या थोडी वर असतात. लहान मुलांत ती २५० हून अधिक असतात. स्वरतंतूंजवळचा हा आवाज मात्र नुसती एक गुणगुण असते. तिच्यात ना ‘आ’ असतो, ना ‘ई’.

दुसरा टप्पा या गुणगुणीला आकार देण्याचा. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतचा मार्ग ही एक नळी आहे, एका टोकाला जवळजवळ बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी. अशा नळीत अनुनाद कोणत्या कंप्रतेला होतो ते तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकता किंवा लवकरच शिकाल. पहिल्या अनुनादाची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या चौपट असते. प्रौढ पुरुषाची ही नळी सुमारे १७ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे तरंगलांबी ६८ सेंटीमीटर झाली. श्वासाच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर ३५० भागिले ०.६८ म्हणजे सुमारे ५०० हर्ट्झ येतात. पुढचे अनुनाद याच्या तिप्पट व पाचपट, म्हणजे १,५०० व २,५०० हर्ट्झच्या आसपास. लहान मुलाची नळी १२ सेंटीमीटर असेल, तर पहिला अनुनाद किती येईल? गणित तुम्हीच करून पाहा. उत्तर ७३० च्या जवळपास यायला हवे.

हे झाले सरळ नळीचे. जीभ पुढे सरकवून वर उचलली की नळीचा आकार बदलतो आणि अनुनादही जागा बदलतात. पुरुषाच्या आवाजातील ‘ई’ घेतला, तर पहिला अनुनाद ३०० पर्यंत उतरतो आणि दुसरा २,३०० च्या आसपास चढतो. ‘आ’ म्हणताना तेच आकडे साधारण ७०० आणि १,२०० असे होतात. आपला कान हे अनुनाद ओळखतो आणि त्यावरून आपण स्वर ठरवतो. जपानमधील चिबा आणि काजियामा यांनी १९४१ मध्ये आणि स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये या विषयावर जे ग्रंथ लिहिले, त्यांवर आजचे उच्चारशास्त्र उभे आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. जीभ काही मिलिमीटर चुकली तरी अनुनाद सरकतो आणि ‘ई’चा ‘ए’ होतो. म्हणजे बोलणे हे सुईत दोरा ओवण्याइतके नाजूक काम आहे, आणि ते आपण धावताधावता करीत असतो.

कार, खार, गार, घार

आता वेळेचा हिशेब पाहू. पातळ कागदाची एक पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘कार’, ‘खार’ हे शब्द म्हणा. ‘खार’ म्हणताना पट्टी जोराने हलेल. मग गळ्यावर बोटे ठेवून ‘कार’ आणि ‘गार’ म्हणा. ‘गार’मध्ये कंप अगदी सुरुवातीपासून जाणवेल.

चारही शब्दांत जिभेची जागा एकच. मग फरक कशाचा? मुख्यतः वेळेचा. जीभ टाळूपासून सुटते तो क्षण शून्य धरा. ‘ग’मध्ये स्वरतंतूंचा कंप त्या क्षणाआधीच सुरू झालेला असतो. ‘क’मध्ये तो सुटकेनंतर थोड्याच मिलिसेकंदांनी सुरू होतो. ‘ख’मध्ये त्याला त्याच्या तिप्पट-चौपट उशीर होतो आणि मधल्या वेळात नुसती हवा बाहेर पडते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग! लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांमधील असे काळ मोजले. त्या अकरांत हिंदी आणि तमिळबरोबर आपली मराठीही होती. ‘घ’चे कोडे मात्र एवढ्या एका मापाने सुटत नाही, असेही त्यांना आढळले. ‘घ’मध्ये कंप आणि श्वास दोन्ही एकत्र असतात.

आपल्या वर्णमालेच्या तक्त्याकडे आता नव्या दृष्टीने पाहा. क-वर्ग घशाकडचा, च-वर्ग टाळूचा, मग ट-वर्ग, मग दातांचा त-वर्ग आणि शेवटी ओठांचा प-वर्ग. आतून बाहेर येत जाणारा हा तोंडाचा नकाशाच आहे. प्रत्येक ओळीत पुन्हा कंप आणि श्वास यांची चढउतार आहे. प्राचीन शिक्षाग्रंथांच्या कर्त्यांनी कोणत्याही उपकरणाशिवाय, केवळ स्वतःच्या तोंडाचे निरीक्षण करून ही मांडणी केली. वाचोपचार करणाऱ्या तज्ज्ञाला ती आजही उपयोगी पडते. मूल कोणत्या ओळीत अडते आणि कोणत्या स्तंभात अडते, हे पाहिले की दोषाचा माग लागतो.

हुकूम सुटतो कोठून?

१८६१ साली पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण वारला. कित्येक वर्षे तो ‘तां’ एवढेच बोलू शकत असे. बोललेले त्याला समजत होते, हातवारे करून तो उत्तरेही देत असे. पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. भाषा समजणे आणि शब्द उच्चारणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ठळकपणे पुढे आले. पुढे १९३७ मध्ये माँट्रिअलचे पेनफील्ड आणि बोल्ड्रे यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचालींचा नकाशा तयार केला. त्यात ओठ, जीभ आणि चेहरा यांच्या वाट्याला आलेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने फारच मोठी दिसली.

बोलताना मेंदू एकेका अक्षराची चूक ऐकून ती दुरुस्त करीत पुढे जातो काय? हिशेब करा. सेकंदाला पाच अक्षरे म्हणजे एका अक्षराला २०० मिलिसेकंद मिळतात. आपलाच आवाज कानात येणे, मेंदूने तो तपासणे आणि सुधारणेचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचणे यात शंभराहून अधिक मिलिसेकंद जातात. बातमी येईतो अक्षर संपत आलेले असते. तेव्हा पुढच्या हालचालींचा आराखडा मेंदूला आधीच तयार ठेवावा लागतो. कानाकडून येणारी बातमी मुख्यतः पुढच्या वेळचा आराखडा सुधारण्यासाठी वापरली जाते. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये दाखवून दिले, की माणसाला त्याचाच आवाज सुमारे एक-पंचमांश सेकंद उशिराने ऐकवला तर चांगला बोलणाराही अडखळतो. फोनवर आपलाच प्रतिध्वनी ऐकू येऊ लागला की आपली तीच गत होते.

इंजिन की सिग्नल?

हालचालींशी संबंधित असे वाचादोष मुख्यतः दोन प्रकारचे असतात. वर्धा हे रेल्वेचे जंक्शन असल्याने आपण गाडीचेच उदाहरण घेऊ. गाडी वेळेवर पोचली नाही, तर त्याची कारणे निरनिराळी असू शकतात. कधी इंजिनात जोर नसतो किंवा चाके जाम होतात. कधी इंजिन ठणठणीत असते, पण कोणती गाडी कोणत्या रुळावर केव्हा सोडायची याचा गोंधळ सिग्नलच्या खोलीत होतो.

पहिल्या प्रकाराला डिसार्थ्रिया म्हणतात. यात स्नायू दुर्बळ असतात, ताठर असतात किंवा त्यांच्यावर ताबा राहत नाही. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्याने ज्यांना सेरेब्रल पाल्सी होते, अशा निम्म्याहून अधिक मुलांच्या बोलण्यावर परिणाम होतो. आवाज क्षीण किंवा दाबलेला येतो, श्वास पुरत नाही, शब्द ओढल्यासारखे येतात. चुका बहुधा एकाच तऱ्हेच्या असतात.

दुसऱ्या प्रकाराला बालवयातील वाचा-अप्रॅक्सिया म्हणतात. यात स्नायू धडधाकट असतात. मूल जेवते, चावते, हसते. परंतु हालचालींचा आराखडा रचण्यातच अडचण असते. असे मूल ‘कपाट’ला एकदा ‘तपाक’ म्हणेल, लगेच ‘पकाट’ म्हणेल आणि तिसऱ्यांदा भलतेच काही म्हणेल. अमेरिकेतील वाक् व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये याच्या तीन खुणा नमूद केल्या. एकच शब्द पुन्हा म्हणताना चुका बदलत राहणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना रेंगाळणे किंवा तुटणे, आणि बोलण्याचा ठेका व आघात बिघडणे, या त्या तीन खुणा. हजारांत एक-दोन मुलांना हा दोष असावा असा अंदाज केला जातो. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील जवळपास निम्म्या माणसांना तो होता. २००१ मध्ये संशोधकांना त्याचे मूळ ‘फॉक्सपी२’ नावाच्या जनुकातील एका बदलात सापडले. अर्थात, बहुतेक मुलांत कारण इतके सरळ सापडत नाही. आईवडिलांच्या हयगयीने मात्र हा दोष होत नाही, एवढे नक्की.

तज्ज्ञ मुलाला ‘पतक, पतक, पतक’ असे भरभर म्हणायला सांगतात. तुम्हीही पाच सेकंद म्हणून पाहा आणि मोजा. ज्याला नुसते ‘पपपप’ जमते, पण ‘पतक’ म्हणताना क्रम सुटतो, त्याच्या बाबतीत आराखड्याकडे बोट दाखवता येते. ज्याला ‘पपपप’ही संथ आणि कमजोर येते, त्याचे स्नायू तपासायला हवेत. एवढ्या एका चाचणीवरून निदान मात्र होत नाही. सर्वांत आधी कान तपासतात, कारण ज्याला नीट ऐकू येत नाही त्याचे बोलणे वेगळ्याच कारणाने अडते.

येथे वर्ध्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘केळ’ला ‘केय’ म्हणणारी पुष्कळ माणसे आहेत. ही बोलीची रीत झाली, तिला दोष म्हणता येणार नाही. घरातले सगळेच ‘डोया’ म्हणत असतील तर मुलानेही तसेच म्हणावे यात नवल काय? तज्ज्ञाला मुलाच्या घरची बोली माहीत असावी लागते ती यासाठी. मराठीची आणखीही काही वैशिष्ट्ये आहेत. ‘हे जग मोठे आहे’ मधला ‘ज’ आणि ‘सुखाने जग’ मधला ‘ज’ निराळे आहेत. इंग्रजी मुलांसाठी बनवलेल्या चाचणीत हे फरक येणार कोठून? तेव्हा मराठी मुलाची तपासणी मराठीतच झाली पाहिजे.

टकळी आणि जीभ

आता उपचारांकडे वळू. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला एक शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘वर्धा योजना’ किंवा नयी तालीम जन्माला आली. त्या शाळांतून मुले टकळीवर सूत कातीत. टकळी फिरवणे व्याख्यान ऐकून येत नाही. आधी शिक्षक मुलाच्या हाताला हात लावून फिरवतात, मग दोघे बरोबर फिरवतात, मग मूल एकटे फिरवते. दोरा शंभर वेळा तुटतो. हळूहळू बोटांना पीळ कळू लागतो. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणारे मूल लवकर शिकते.

वाचोपचार हे असेच कौशल्य-शिक्षण आहे. औषधाची गोळी किंवा शस्त्रक्रिया येथे कामाची नाही. अप्रॅक्सिया असलेल्या मुलासाठी तज्ज्ञ आधी थोडे पण गरजेचे शब्द निवडतात: ‘आई’, ‘दे’, ‘नको’, ‘पाणी’. मूल तज्ज्ञाच्या तोंडाकडे पाहते. दोघे मिळून शब्द अगदी सावकाश, एकाच वेळी म्हणतात. गरज पडल्यास ओठांना किंवा हनुवटीला स्पर्श करून दिशा दाखवतात. जमू लागले की तज्ज्ञ आवाज न काढता फक्त ओठ हलवतात. मग तज्ज्ञ आधी म्हणतात आणि मूल मागून. पुढे मध्ये दोन-तीन सेकंद थांबायला लावतात. शेवटी मूल आपणहून म्हणते. अर्ध्या तासाच्या एका बैठकीत शंभराच्या आसपास उच्चार करून घेण्याचा प्रयत्न असतो.

यात शिकण्याचे काही सर्वसाधारण नियम आहेत. सुरुवातीला प्रत्येक वेळी ‘बरोबर’ की ‘चूक’ ते सांगतात, पुढे सांगणे कमी करीत जातात, म्हणजे मूल स्वतःच कान देऊ लागते. आधी एकच शब्द घोकतात, मग चार शब्द मिसळून म्हणवतात. मिसळल्याने चुका वाढतात खऱ्या, पण शिकलेले टिकते. तुम्ही एकाच तऱ्हेची गणिते सोडवण्याऐवजी निरनिराळी गणिते मिसळून सोडवता, तेव्हा हाच अनुभव येतो.

याचा उपयोग होतो काय, हे तपासले गेले आहे. ऑस्ट्रेलियात अप्रॅक्सिया असलेल्या ४ ते १२ वर्षांच्या २६ मुलांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मुलांचे दोन गट केले आणि दोन वेगळ्या पद्धतींनी, आठवड्यातून चार दिवस एकेक तास, असे तीन आठवडे शिकवले. दोन्ही गटांत सुधारणा दिसली. त्यातील एका पद्धतीत ‘बाटीगू’सारखे निरर्थक शब्द वापरतात. निरर्थक शब्दाची जुनी चुकीची सवय नसते, त्यामुळे आराखडा कोऱ्या पाटीवर रचता येतो. अभ्यास लहान होता, त्यावरून सगळे प्रश्न सुटले असे नाही. परंतु दाट सराव लाभतो, याला त्याने बळ दिले.

डिसार्थ्रियाची वाट थोडी वेगळी असते. तेथे आधी बैठक नीट करतात. पाय टेकलेले, पाठीला आधार, मान सरळ, म्हणजे श्वासाला जागा मिळते. मग श्वास सुरू होताच आवाज काढणे, एका श्वासात मोजके शब्द बोलणे आणि गती कमी ठेवणे शिकवतात. इंग्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या १२ ते १८ वर्षांच्या १६ विद्यार्थ्यांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा असे शिकवले. ऐकणाऱ्यांना त्यांचे बोलणे पूर्वीपेक्षा अधिक कळू लागले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हायस्कूलच्या वयातही वेळ गेलेली नसते.

मेणबत्त्या विझवणे, शिट्ट्या वाजवणे, जीभ वाकवण्याचे व्यायाम यांनी बोलणे सुधारते असा समज आहे. टाळ्या वाजवून तबला येत नाही, तसेच हे. बोलणे सुधारायचे तर बोलण्याचाच सराव हवा. जिभेवर वेखंड उगाळून लावण्याची चाल घरोघर आहे. तिने हे दोष बरे होतात याला पुरावा नाही. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य अपायकारक ठरू शकते, म्हणून मुलांच्या बाबतीत ते टाळलेलेच बरे.

तोवर मुलाने गप्प बसायचे काय?

सराव महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. काही मुलांचे बोलणे कधीच पूर्ण स्पष्ट होत नाही. तोपर्यंत त्यांना तहान लागत नाही काय? राग येत नाही? प्रश्न पडत नाहीत? म्हणून चित्रांचा फलक देतात. पेला, घर, पोट दुखणारा मुलगा, ‘हो’, ‘नाही’ अशी चित्रे असतात. मूल बोट दाखवते आणि काम भागते. मुंबईच्या आय.आय.टी.तील आयडीसी या विभागात ‘जेल्लो’ नावाचे असेच साधन मोबाइलसाठी तयार झाले आहे. चित्राला स्पर्श केला की ते मराठीतही बोलते.

फलक दिला तर मूल बोलायचा आळस करील, अशी भीती पालकांना वाटते. या विषयावरील अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काटेकोरपणे नोंदलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते.

स्टीफन हॉकिंग हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. स्नायूंना निकामी करणाऱ्या रोगामुळे त्यांचे बोलणे इतके अस्पष्ट झाले होते, की जवळच्या मोजक्याच माणसांना ते कळे. १९८५ मध्ये श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलासुरला आवाजही गेला. पुढे संगणकाच्या आवाजाने ते व्याख्याने देत राहिले, आणि कृष्णविवरांविषयी ते काय म्हणतात हे जगाने कान देऊन ऐकले. तोंड अडले म्हणून डोके अडत नाही, याचे याहून मोठे उदाहरण कोणते हवे?

आपल्या शाळेत काय करता येईल?

भारतात या विषयाचे शिक्षण फार जुने नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ ची. मुंबईच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, १९६० नंतरच्या दशकात हे शिक्षण सुरू झाले. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. त्यामुळे तज्ज्ञ अजून मोठ्या शहरांतच अधिक आहेत. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील मुलाला दर आठवड्याला तीनदा वर्ध्याला आणायचे, तर बापाची मजुरी बुडते. आणि सराव तर रोज हवा. मग उरतात घर आणि शाळा. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा दिशा दाखवावी, घरच्यांनी व शिक्षकांनी रोज दहा-दहा मिनिटे दोन-तीनदा सराव घ्यावा, हाच आपल्या परिस्थितीत चालणारा मार्ग आहे.

शिक्षकांसाठी काही ठोस गोष्टी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा येऊन तपासणी करायची असते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात आणि विकासातील विलंबही त्यात पाहिला जातो. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाचे नाव आठवणीने पुढे करा. पथकाची वाट पाहणे नको असेल, तर जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथील बालरोग अथवा कान-नाक-घसा विभागात मुलाला दाखवता येईल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. वाचा व भाषा यांची कायमची दिव्यांगता त्यात मोडते. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. परीक्षा-पद्धतीत योग्य ते बदल करण्याची तरतूदही या कायद्यात आहे. तेव्हा तोंडी परीक्षेत मूल गप्प राहिले म्हणून शून्य गुण देण्याआधी त्याला लिहून किंवा दाखवून उत्तर देता येते का, ते पाहा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. घड्याळात पाहून दहा सेकंद थांबा. दहा सेकंद किती मोठे असतात ते थांबल्यावरच कळते. शब्द कळला नाही तर ‘कळले’ असे खोटे सांगू नका. ‘पुन्हा सांग’ म्हणा, ‘दाखव’ म्हणा. ‘बोबड्या’ हे नाव वर्गातून हद्दपार करा. पुढच्या बाकावरचा जो मुलगा कधीच हात वर करीत नाही, त्याला उत्तर येत नसेल असे धरून चालू नका. त्याच्या वहीत डोकावून पाहा. कदाचित तेथे ते उत्तर लिहिलेले असेल.